हाताने रंगवलेली पहिली लडी: घेण्यापासून जपण्यापर्यंत

बेळगावात विणकाम शिकलेल्या बहुतेकींची सुरुवात माझ्यासारखीच झाली असणार. खडेबाजारातून आणलेले ॲक्रिलिकचे दोन गुंडे, दहा नंबरच्या सुया आणि शिकवायला शेजारच्या मावशी नाहीतर अक्का. मधेच लोकर संपली तर उरलेला तुकडा हातात घेऊन परत दुकानात जायचं, दुकानदार त्याच रंगाचा गुंडा काढून द्यायचा. हाताने रंगवलेली लोकर हातात घेताना ही एक सवय आधी सोडावी लागते. संपली की आणू, असं इथे चालत नाही.

मला हे कळायला एक अख्खा स्वेटर लागला. भाचीसाठी गर्द जांभळी लडी (गुंड्याऐवजी पीळ घालून मिळणारी लोकर) मागवली होती, ती ऑगस्टमध्ये आली. पुरणार नाही असं दिसल्यावर दिवाळीनंतर दुसरी मागवली. लेबलवर रंगाचं नाव तेच, वजन तेच. रात्री ट्यूबलाइटखाली दोन्ही शेजारी धरल्या तेव्हा फरक दिसलाही नाही. स्वेटर घालून पोर सकाळी अंगणात उभी राहिली आणि छातीवर सरळ आडवी रेष दिसली. खालचा भाग वांग्याच्या सालीसारखा, वरचा पिकल्या जांभळासारखा. यात रंगवणारीची चूक काहीच नव्हती. मी विचारायला हवं होतं, मोजायला हवं होतं. ते कसं करायचं, ते पहिल्यापासून सांगते.

रंग दर वेळी वेगळा का येतो

लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे धागे. त्यांना रंगवायला बहुतेक जण ॲसिड डाय वापरतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, इथलं ॲसिड म्हणजे व्हिनेगर किंवा लिंबूसत्व. भिजवलेली लडी पातेल्यात ठेवून त्या आंबट पाण्यात रंग सोडतात आणि उकळी फुटण्याच्या जरा अलीकडे, ८० ते ९० अंशांवर, अर्धा तास ठेवतात. रंग धाग्याने ओढून घेतला की पातेल्यातलं पाणी जवळजवळ नितळ होतं. मग लडी त्याच पाण्यात निवू देतात.

एका पातेल्यात लड्या मावतात मोजक्या. पुढच्या खेपेला पाणी थोडं जड असलं, आच थोडी जास्त लागली, किंवा रंग ओतताना हात अर्धा क्षण जास्त थांबला, की छटा सरकते. नुसतं पाणी बदललं तरी काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. राकसकोप धरणातून येणारं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत साबणाचा फेससुद्धा सारखा येत नाही. म्हणून एका नावाच्या दोन लड्या या सख्ख्या बहिणी समजाव्यात, जुळ्या नाहीत. एकाच खेपेतल्या लड्यांतही थोडा फरक राहतोच. या लोकरीचे पैसे आपण देतो ते याच हातासाठी, तेव्हा फरकाला दोष न समजता त्याची सोय आधीपासून करून ठेवायची.

घेताना काय बघायचं

एका लडीला हजार-दोन हजार रुपये सहज जातात, त्यामुळे आधी धागा कशाचा आहे ते नीट वाचा. सुरुवातीला मेरिनो घ्या. मेरिनो मेंढीची लोकर बारीक आणि मऊ असते, गळ्याला टोचत नाही. आपल्या भागातले धनगर घोंगड्या करतात ती दख्खनी मेंढीची लोकर जाड, राकट आणि टिकाऊ. पावसात डोक्यावर घ्यायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण स्कार्फला ती चालणार नाही. दोन्ही अस्सलच लोकर, कामं वेगळी.

लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलेलं असेल तर त्या लोकरीच्या केसावरचे खवले प्रक्रिया करून गुळगुळीत केलेले असतात. ती धुताना आटून घट्ट होत नाही आणि रंग खोल ओढते, पण ओली झाली की चांगलीच सैलावते. साधी मेरिनो गरम पाण्यात चोळली तर तिचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट चिकटून जातात, परत सुटत नाहीत. मोज्यांसाठी असलेल्या लोकरीत बहुधा २० ते २५ टक्के नायलॉन असतं, ते टिकाऊपणासाठी घातलेलं असतं, भेसळ म्हणून नव्हे.

शंका असली तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला घेतली की विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. आमच्याकडे चिकोडी-अथणीकडच्या बाजारात लोकरीला कन्नडमध्ये 'उण्णे' म्हणतात आणि त्याच नावाखाली ॲक्रिलिकही विकलं जातं, तेव्हा नावावर जाऊ नका.

आता जाडी. नवख्या माणसाला ग्रॅम कळतात, पण विणकामात खरा हिशेब मीटरचा. १०० ग्रॅमची बारीक, मोज्याच्या जाडीची लडी साधारण ४०० मीटर भरते. त्याहून जाड, स्वेटरला बरी पडणारी डीके (डबल निटिंग) लोकर १०० ग्रॅमला सव्वादोनशे मीटरच्या आसपास. वजन तेच, लांबी जवळजवळ निम्मी. बारीक लोकरीची एक लडी मोठ्या माणसाच्या मोज्यांच्या एका जोडाला किंवा एका लहान शालीला पुरते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला बारीक लोकर १२०० ते १६०० मीटर धरा, म्हणजे तीन-चार लड्या. क्रोशाला विणकामापेक्षा लोकर जास्त लागते, मी एक तृतीयांश जास्त धरते. आणि जे काही धराल त्यावर, परवडत असेल तर, आणखी एक लडी. उरली तर टोपी होते. कमी पडली तर माझ्या भाचीचा स्वेटर होतो.

मागवताना एवढं एकच वाक्य लिहा: "सगळ्या लड्या एकाच खेपेतल्या पाठवा." आणि पार्सल आलं की दुपारच्या उजेडात, खिडकीशी, सगळ्या लड्या शेजारी शेजारी मांडून बघा. ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका.

पहिल्या खरेदीसाठी माझं मत स्पष्ट आहे. एकच लडी घ्या, आणि ती एकाच रंगाच्या कमीजास्त छटांची घ्या. इरकलीच्या गर्भातला लाल रंग घडीत गडद आणि उजेडात हलका दिसतो, तसा काहीसा तिचा खेळ असतो. शिंतोडे उडवलेल्या किंवा पाच-सहा रंगांच्या लड्या फोटोत मोह पाडतात, पण विणायला लागल्यावर त्या काय करतील ते सांगणं अवघड. त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला.

लडी उघडताना

ही पायरी कुणी नीट सांगत नाही आणि रडू इथेच येतं. लडी आपल्याला पीळ घालून, चकलीच्या पिठासारखी जाड दोरी करून मिळते. तिच्यावरून थेट विणता येत नाही. आधी गुंडा करावा लागतो.

पीळ सोडा. लडी मोठं वर्तुळ होऊन पडेल. तिला दोन्ही हातांच्या मुठींवर ताणून धरा आणि एक-दोनदा झटका द्या, जसं ओलं लुगडं झटकून वाळत घालतो तसा. हा झटका मला वडगावातल्या एका मावशींनी शिकवला. त्यांच्या घरी माग होता आणि कांड्या भरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. माझ्या हातातली गुंतलेली लडी बघून त्या म्हणाल्या, "ओढू नकोस बाई. धाग्याला आधी त्याची जागा आठवू दे." झटक्याने एकमेकांत शिरलेले धागे सुटून समांतर होतात, हे त्यांच्या हातात बघितलं तेव्हा समजलं.

मग लडी दोन खुर्च्यांच्या पाठींना अडकवा, किंवा समोर कुणाला तरी बसवून त्यांच्या दोन्ही हातांवर द्या. लडीला दोन ते चार ठिकाणी दोऱ्याच्या गाठी असतात. त्या सगळ्या आधी हुडकून काढा, पण कापू नका. लडी आडवी-तिरपी बसलेली नाही, कुठे पीळ राहिलेला नाही, याची खात्री झाल्यावरच कापा. एका गाठीत लडीची दोन्ही टोकं बांधलेली असतात. जे टोक वरून, कशाखालून न जाता सुटतं, ते घ्या. मधेच धागा अडला तर ओढायचं नाही. हात थांबवून लडी दोन बोटांनी पसरायची, अडलेला धागा दिसतो आणि आपोआप सुटतो. ओढलात तर सैल फास घट्ट होतो आणि पुढचे दोन तास जातात.

गुंडाळताना बोटांवरून सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि धुतल्यावर कापड आखडतं. गुंडा करून महिनोन्महिने ठेवूही नका. विणायच्या आदल्या दिवशी करा, तोपर्यंत लडी पिळातच बरी.

रंग सुटतो का बघा

गुंडा करण्याआधीच वीतभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा. लाल, गडद निळा आणि मोरपंखी यांच्याकडे जास्त लक्ष द्या. फडक्यावर पुसट डाग आला तर काळजी नाही, पहिल्या धुण्यात तो जाईल. भरपूर आला तर रंग धाग्यात पुरता बसलेला नाही. आपल्याकडे नव्या सुती साडीला मिठाच्या पाण्यात ठेवायची पद्धत आहे, तिचा इथे उपयोग नाही. थंड पाण्यात व्हिनेगर घालून ठेवल्यानेही काही होत नाही. या रंगाला आंबट पाणी आणि उष्णता दोन्ही एकत्र लागतात. लडी न उघडता, गाठी तशाच ठेवून, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात हळूहळू गरम करा, उकळू देऊ नका, वीसेक मिनिटं ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. पातेलं यासाठी वेगळं ठेवा, त्यात परत स्वयंपाक करायचा नाही.

नमुन्याचा तुकडा

हा टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण लोकर महाग आणि तुकडा वाया गेल्यासारखा वाटतो. वाया जात नाही, नंतर उसवून वापरता येतो. १५ सेंटिमीटर रुंद तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते मोजा. धुण्याआधी मोजलेलं कामाचं नाही. समजा धुण्याआधी २६ टाके भरले आणि धुतल्यावर सैलावून २४. तुम्ही २६ धरून ८० सेंटिमीटर घेराला २०८ टाके घातले, तर पहिल्या धुण्यानंतर तो घेर ८६ सेंटिमीटरच्या पुढे जाईल. सुपरवॉशच्या बाबतीत हे नेहमी घडतं.

सुयांच्या नंबराचा एक घोळ इथेच मिटवून टाकते. आपल्या दुकानांत सुया जुन्या नंबरावर मिळतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४. हल्लीच्या नमुन्यांत मिलिमीटर दिलेले असतात, तेव्हा हे वहीत लिहून ठेवा.

क्रोशावाल्यांनी एक लक्षात घ्या. आपल्या घरांतल्या तोरणा-रुमालांची बारीक स्टीलची सुई या लोकरीला चालत नाही. तिने विणलेलं कापड पुठ्ठ्यासारखं होतं. बारीक मेरिनोलाही ४ मिलिमीटरची सुई घ्या, म्हणजे खांब (क्रोशाचे उंच टाके) मोकळे पडतात आणि कापड अंगावर झुलतं.

पहिलं काम कोणतं

साधं. ज्या लोकरीत रंगच इतका बोलतो तिच्यावर वेण्या, पानं आणि नक्षी घातली तर दोन्ही वाया जातात. आधी हे माहीत असू द्या की लडीवर रंग ठरावीक अंतराने परत येतो, कारण वर्तुळाचा एकेक भाग एकेका रंगात रंगवलेला असतो. ओळीची लांबी त्या अंतराशी जुळली की लाल लालावर, निळा निळ्यावर पडत जातो आणि कापडावर ढब्बे दिसू लागतात. कुणाला ते आवडतात, मला नाही. टाळायचं असेल तर चार-पाच टाके कमीजास्त करा किंवा सुई बदला, तेवढ्याने जुळणी मोडते.

त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ओळीची लांबी सतत बदलत राहील असं काही विणणं. म्हणून नव्या मुलींना मी तिकोनी शाल सांगते. ८ नंबरच्या सुईवर ४ टाके घाला. पुढची प्रत्येक ओळ अशी: २ टाके सुलट, मग सुईवर धाग्याचा एक वेढा, बाकी सगळे टाके सुलट. उलट टाका कुठेच नाही. दर ओळीला एक टाका वाढतो, कडेला बारीक जाळी पडते आणि टोकापासून त्रिकोण मोठा होत जातो. लांबलचक ओळी होतील तेव्हा टाके मावायला तारेने जोडलेली गोल सुई घ्या. गुंड्यातली लोकर संपत आली की स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. आठ-दहा ग्रॅम उरली की टाके बंद करायला लागा, आणि सैल हाताने बंद करा. घट्ट केलेत तर लांब कड आवळते आणि शाल पसरत नाही.

क्रोशाला हेच काम साखळ्या आणि खांबांच्या साध्या स्टोलने करा. रुंदी आधी ठरवा आणि लोकर संपेपर्यंत लांबी वाढवत जा.

दोन लड्या लागत असतील तेव्हा

भाचीचा तो स्वेटर मी उसवला. दोन्ही लड्यांचे वेगळे गुंडे केले आणि दोन ओळी एका गुंड्याने, दोन ओळी दुसऱ्याने असं पहिल्यापासून परत विणलं. रेष गेली ती गेलीच. दोन्ही जांभळे एकमेकांत असे मिसळले की आता कापडाकडे बघून कुणाला वेगळे काढता येत नाहीत. तेव्हापासून दोन लड्यांचं कुठलंही काम मी असंच करते, लड्या एकाच खेपेतल्या असल्या तरी. धागा बदलताना नवा धागा जुन्याच्या खालून वर घ्या आणि कडेला जरा सैल सोडा. कापायचा नाही, नुसता कडेने वर न्यायचा. चार लड्या असतील तर पहिल्या दोन अशा, पुढच्या दोन अशा, आणि मधे एक लडी संपत आली की तिसरी आधीच सुरू करायची.

धुणं आणि पसरून वाळवणं

शेवटचा टाका बंद केला म्हणजे काम झालं असं समजू नका. पहिल्या धुण्यानंतर त्रिकोणी शाल वेगळीच दिसते, टाके एका ओळीत बसतात आणि कडा सरळ होतात.

कोमट पाण्यात थोडा सौम्य शॅम्पू घालून २० मिनिटं भिजू द्या. चोळायचं नाही, पिळायचं नाही. कपड्यांच्या पावडरी वापरू नका, डाग काढणारी जी एन्झाइमं त्यात असतात ती लोकरीचा धागाही खातात. गडद रंगांना रिठ्याचं पाणी उत्तम, आजीच्या रेशमी साड्या त्यावरच टिकल्या. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं खंगाळणं नळाच्या पाण्यात करा. मग शाल दोन्ही हातांवर तोलून उचला, एका टोकाला धरून उचललीत तर स्वतःच्या वजनाने लोंबते. मोठ्या टॉवेलमध्ये ठेवून सुरळी करा, वरून दाबा आणि गादीवर जुनी चादर अंथरून पसरा. हवा तो आकार देऊन कडांना गंज न चढणाऱ्या टाचण्या लावा. दोरीवर टांगू नका, उन्हात घालू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये मी काही धुवायला काढतच नाही. बेळगाव शहरात पंख्याखाली शाल दोन दिवसांत वाळते, पण खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात चार दिवसांनीही हाताला गारच लागते आणि कुबट वास धरते. दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत धुवा. तेव्हा शाल वापरायलाही लागते.

जपून ठेवताना

कसर लागते ती अंगाला लागलेल्या, घामट राहिलेल्या लोकरीला आधी. म्हणून पावसाळ्यासाठी बांधून ठेवण्याआधी धुऊन, पुरती कोरडी करूनच ठेवा. सुती पिशवीत किंवा जुन्या साडीच्या तुकड्यात घडी घाला आणि वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा. डांबराच्या गोळ्याही चालतात, पण त्यांचा वास लोकरीतून लवकर जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडून बुरशी येते. श्रावणात एखादं ऊन पडलं की पेटी उघडून घड्या मोडा आणि तासभर सावलीत वारा लागू द्या.

न विणलेल्या लड्यांनाही हेच. त्यांचं लेबल मात्र फेकू नका. मी प्रत्येक कामाचं लेबल वहीत चिकटवते, शेजारी सुईचा नंबर, धुतल्यानंतरचे टाके आणि कुणासाठी विणलं ते लिहिते, आणि त्याच पानाला उरलेला दोन-तीन मीटर धागा गुंडाळून टाचते. दोन वर्षांनी कोपर विरलं की तोच धागा रफूला लागतो, आणि तो रंग परत कुठे मिळणार नसतो. भाचीच्या पानावर जांभळ्याचे दोन धागे आहेत, एक वांग्याचा आणि एक जांभळाचा.